जुनी फोर बाय फोर दारात उभी आहे, सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की कोणाकडे जुनी जीप, जिप्सी नाहीतर फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी) पिकअप पडून आहे का आणि तिचं काय करायचं ठरवलंय, तर पत्रांचा आणि मेसेजचा एवढा ढीग आलाय की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून मिळतेजुळते प्रश्न एकत्र केलेत. वाचताना एक गोष्ट सारखी खटकली ती आधीच सांगून टाकतो. बहुतेकांचा बेत एकच, गाडी पूर्ण खोलायची, चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) मोकळी करायची आणि मग एकेक भाग नवा करून परत जोडायची. मुंबईत घरी काम करणाऱ्याने हे करू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे जागा एका गाडीची असते आणि खोललेली गाडी तीन गाड्यांची जागा खाते, मध्ये पावसाळा येतो, पोरांच्या परीक्षा येतात, एक खोकं कोणीतरी रद्दीत देतं, आणि सहज चालू झाली असती अशी गाडी शेवटी किलोच्या भावाने भंगारात जाते. त्यापेक्षा एका वेळी एकच सिस्टीम काढा, ती पूर्ण करा, गाडी स्वतःच्या चाकांवर हलती ठेवा, मग पुढच्याला हात घाला. खालची सगळी उत्तरं हेच धरून दिलीत.

प्रश्न: दादा, बाबांची १९९१ ची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, फोर बाय फोर, प्यूजो इंजिन. २०१७ पासून सोसायटीत कव्हर घालून उभी आहे. नवीन बॅटरी आणलीय. सेल्फ मारून बघू का? (एक वाचक, मुलुंड पूर्व)

उत्तर: नका मारू. एवढी वर्षं उभ्या असलेल्या डिझेलला पहिल्यांदा सेल्फने फिरवणं म्हणजे पिस्टनच्या रिंग, डिझेलचा पंप आणि सेल्फ तिन्ही एकदम पणाला लावणं. बॅटरी तशीच घरी चार्जिंगला ठेवा आणि आधी एअर क्लीनर उघडा, आपल्याकडे उंदीर हमखास तिथेच घर करतात. मग वायरिंग हेडलाइटपासून मागपर्यंत हाताने चाचपत या, कुरतडलेली वायर कव्हरच्या आत असते, नुसती बघून दिसत नाही. त्यानंतर ऑइल काढा. नट ढिला केल्यावर सगळ्यात आधी काय बाहेर येतं ते बघा. पाणी जड असतं म्हणून ते तळाशी बसतं आणि पहिलं तेच येतं, आणि ऑइलच चहासारखं दुधाळ दिसत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधल्या सीलचा) विचार आत्ताच करावा लागेल.

आता इंजिन. प्यूजोच्या त्या २,११२ सीसीच्या इंजिनाला हीटर प्लग (थंड इंजिन स्टार्ट व्हायला आतून गरम करणारे) असतात, ते चारही काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ ऑइल थोडं थोडं सोडा, अगदी चमचा दोन चमचे, आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते बघून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या नटाला लांब पाना लावून हाताने हळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका, थोडं मागे, थोडं पुढे, परत ऑइल, परत एक रात्र. हाताने दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की मगच प्लग बाहेर असतानाच थोडा सेल्फ द्या, आत साचलेलं ऑइल त्या भोकांतून पिचकारीसारखं उडतं, तेव्हा समोर तोंड घालून उभं राहू नका.

टाकीतलं जुनं डिझेल एक थेंबही वापरू नका. टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवा, रबरी पाइप नवे. मग एअर काढायची. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार, धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. त्यानंतर सेल्फ देताना नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात त्यांच्या) पाइपांचे नट एकेक करून ढिले करायचे आणि डिझेल दिसलं की आवळायचे. तिथे डिझेल फार मोठ्या दाबाने येतं, बोट लावून बघायचं नाही, कातडीतून आत शिरू शकतं.

आणि हे कृपया दोनदा वाचा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या डिझेल पंपाचा रॅक (किती डिझेल जायचं ते ठरवणारी आतली पट्टी) आत अडकून राहू शकतो, तसं झालं तर इंजिन स्टार्ट झाल्या झाल्या वरच्या आरपीएमला पळतं आणि चावी फिरवली काय, नॉब ओढला काय, थांबतच नाही. म्हणून पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि एक जण जाड प्लायवूडचा तुकडा घेऊन तिथेच उभा करा. इंजिन पळायला लागलं तर तो तुकडा इनटेकच्या तोंडावर घट्ट दाबायचा, हवा बंद झाली की डिझेल मरतं. हात किंवा फडकं अजिबात नाही, दोन्ही आत ओढलं जातं. इंजिन चालू करायच्या आधी इंजिन बंद करायचा नॉब ओढून पंपावरची दांडी खरंच हलतेय का तेही बोनेट उघडून बघून घ्या.

गाडी स्टार्ट झाली पण गिअरच पडत नाही असं झालं तर घाबरू नका, आपल्या दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. क्लच पूर्ण दाबून पेडल आणि सीटच्या मध्ये लाकूड अडकवून एक दोन दिवस ठेवा, बऱ्याचदा आपोआप सुटते. गिअरबॉक्स उतरवायला सांगणाऱ्या मेस्त्रीला तोवर थोडं थांबवा. आणि स्टार्ट झाली म्हणून लगेच गेटबाहेर नेऊ नका, ब्रेकचं उत्तर खाली आहे ते आधी वाचा.

प्रश्न: खालून खूप गंजलीय. डेंटर म्हणतो वरून पत्रा मारून पुट्टी भरून रंग मारला की नव्यासारखी दिसेल. करू का? चॅसी बदलावी लागेल का? (एक वाचक, चारकोप)

उत्तर: पुट्टी भरून रंग मारलेली जीप दोन पावसाळ्यांत परत फुगते, आणि मधल्या काळात आतला गंज तुम्हाला दिसत नाही हा खरा धोका. बॉडीचा पत्रा सडला तर सडू दे, तो बदलता येतो. गाडी उभी असते चॅसीवर.

चॅसी तपासायला मशीन लागत नाही. अर्धा किलोचा बॉल पीन हातोडा (एक तोंड गोल असलेला) घ्या, गाडीखाली जा आणि पुढच्या बंपरपासून मागपर्यंत दर चार बोटांवर टकटक करत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो आणि हातोडा उसळतो. सडलेल्या जागी आवाज बसका येतो आणि आतून भुगा पडल्याची सरसर ऐकू येते. तिथे खडूने खूण करा आणि जुना स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. बॉडी जिथे चॅसीवर बसते ते ब्रॅकेट, पाट्यांचे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे) हँगर, मागचा आडवा क्रॉस मेंबर आणि बॅटरीच्या खालची जागा, या ठिकाणी जास्त वेळ द्या. चॅसी आतून पोकळ असेल तिथे वर्षानुवर्षांची माती साचलेली असते, ती ओल धरून ठेवते आणि बाहेरून रंग चकचकीत असताना लोखंड आतून संपत जातं. म्हणून आधी खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, आतून पाइपने पाणी मारा आणि आठवडाभर उन्हात वाळू द्या.

एक दोन ठिकाणी पत्रा पातळ झाला असेल तर सडलेला भाग कापून त्याच जाडीची प्लेट वेल्ड करून घ्या, नुसता गंज झाकणारा वरचा पॅच नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा, अर्थ वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा, आणि डिझेलची टाकी नि पाइप लांब ठेवा. पाट्यांच्या हँगरजवळ किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ चॅसी सडली असेल तर मात्र घरचं काम नाही, चांगल्या फॅब्रिकेटरकडेच न्या. चॅसी नंबर जिथे ठोकलाय तिथे ग्राइंडर लावू द्यायचा नाही, पत्राही चढवू द्यायचा नाही, तो नंबर वाचता येईना झाला की आरटीओत गाडीची ओळखच संपली. काम सुरू करायच्या आधी त्याचा जवळून फोटो काढून ठेवा.

गंज घासून काढला की त्याच दिवशी प्रायमर मारा, आपल्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत लाल होतं. रेड ऑक्साइड स्वस्त आहे पण खालच्या बाजूला इपॉक्सी प्रायमर जास्त टिकतो, मी असतो तर खर्च तिथे केला असता आणि बाहेरच्या रंगात वाचवला असता. जून ते सप्टेंबर रंगाचं काम काढूच नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. आणि खालून जळकं ऑइल मारायची जी पद्धत आहे ती सोडा, रबरी बुश फुगतात आणि पहिल्या पावसात ते सगळं गटारात जातं.

प्रश्न: ब्रेक दाबला की पेडल खाली जातं, दोन तीनदा दाबलं की लागतो. मेस्त्री म्हणतो ऑइल टाकून चालवा. हँडब्रेक ठीक आहे. (एक वाचक, भांडुप)

उत्तर: चालवू नका. भांडुपहून पवईकडे चढून परत उतरताना काय होईल एवढाच विचार करा. जुन्या विलिस आणि सीजे या मूळ अमेरिकन जीपच्या घराण्यातल्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं, म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. तुमच्या गाडीला मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं फ्लुइड ढकलणारा) एक खणाचा आहे का दोन खणांचा ते आधी बघा, काही मॉडेलना तो फ्लोअरच्या खाली असतो आणि वरचं झाकण उचलल्याशिवाय दिसतही नाही, म्हणूनच त्याच्याकडे कोणी बघत नाही.

चारही ड्रम उतरवा. आतली धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. पाण्याने ओलं करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडरचे रबरी बूट उचलून बघा, आत ओल दिसली की तो सिलिंडर गळतोय. सिलिंडरच्या आत बोट फिरवल्यावर खड्डे लागत असतील तर नुसतं किट टाकून भागणार नाही, सिलिंडरच नवा घ्या. रबरी होज जुने असतील तर बाहेरून चांगले दिसले तरी सगळे बदला. तांब्याचे पाइप वाकवून बसवणारे लोक आहेत, ते नकोत, तांबं थरथरीने कडक होऊन चिरतं, ब्रेकचेच स्टीलचे पाइप लावा. फ्लुइड डॉट ३ किंवा डॉट ४, डबा नवा फोडलेला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडे हवेत पाणीच पाणी. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, पाण्याची बादली शेजारी ठेवा.

हँडब्रेकचं वेगळं सांगतो कारण इथे माणसं जिवाला मुकतात. या घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर (ताकद एक्सलकडे नेणाऱ्या दांड्यावर) एक छोटा ड्रम असतो, तो तिथे काम करतो. याचा अर्थ मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते चाक मोकळं फिरतं, शाफ्ट धरलेला असला तरी जमिनीवरचं चाक उलटं फिरू शकतं, आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी सरकते. गिअरमध्ये ठेवली तरी तेच. ट्रान्स्फर केसचा लिव्हर चुकून न्यूट्रलला राहिला असेल तर मग गिअरचा काहीच उपयोग नाही. त्यामुळे जॅक लावायच्या आधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे, आणि गाडीखाली जायचं तर घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावूनच. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर नाही, सिमेंटच्या ब्लॉकवर तर अजिबात नाही, तो न सांगता फुटतो.

प्रश्न: फोर व्हील टाकली की वळताना गाडी जाम होते, धक्के बसतात आणि नंतर लिव्हर निघतच नाही. ट्रान्स्फर केस गेली का? (एक वाचक, दहिसर)

उत्तर: बहुतेक काही गेलेलं नाही. तुम्ही डांबरी रस्त्यावर टाकताय. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, फोर व्हील टाकली की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, आणि वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात, ओल्या मातीत चाक थोडं घसरून हिशेब जुळवतं. डांबर किंवा काँक्रीटवर घसरायला जागाच नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो आणि लिव्हर त्याच पिळात अडकतो. ओढाताण करू नका, सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की लिव्हर दोन बोटांनी निघतो. कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकायची नाही, आणि चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तर सरळ चालतानाही पीळ भरत राहतो.

मात्र गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय आणि ट्रान्स्फर केसचं वाढतंय असं दिसलं तर मधलं सील गेलंय, ते बदला.

प्रश्न: पन्नासच्या वर गेलं की स्टिअरिंग जोरात थरथरतं, हातात धरवत नाही. स्टिअरिंग डँपर लावू का? (एक वाचक, कळवा)

उत्तर: डँपर (धक्के शोषणारा नळा) लावून थरथर लपते, कारण तिथेच राहतं. इंजिन बंद ठेवून एकाला स्टिअरिंग डावीकडे उजवीकडे भराभर हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा, प्रत्येक जॉइंटवर हात ठेवून. टाय रॉड एंडमध्ये (पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकांत) खेळ, पाट्यांचे बुश, यू बोल्ट ढिले, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, व्हील बेअरिंग, आणि सगळ्यात जास्त वेळा किंग पिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनचं) बेअरिंग. किंग पिनच्या शिम (पातळ चकत्या) कमी केल्या की नकलला (चाक धरून वळणाऱ्या भागाला) थोडा ताण आला पाहिजे, टाय रॉड सोडवून साध्या स्प्रिंगच्या काट्याने नकल ओढून दोन्ही बाजूंचा ताण सारखा येतोय का ते बघता येतं. हे सगळं झाल्यावर बॅलन्सिंग करा, आधी नाही.

प्रश्न: माझ्याकडे १९८० च्या दशकातली जीप आहे, कागद आजोबांच्या नावावर. ऑलिव्ह ग्रीन रंग, मोठे टायर आणि पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवायचा विचार आहे. आरटीओत काय लागेल? (एक वाचक, वडाळा)

उत्तर: तुम्हाला आवडणार नाही पण सरळ सांगतो. ऑलिव्ह ग्रीन विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम आहे, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही गाडीला तो रंग मारता येत नाही. रस्त्यावर दिसतात हो तशा गाड्या, पण दिसतात म्हणून चालतं असं नाही. दुसरा कुठलाही रंग बदललात तरी आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. मला विचाराल तर जुना फॅक्टरीचा रंग शोधा, डॅशबोर्डच्या मागे किंवा टूल बॉक्सच्या आत तो अजून शाबूत सापडतो.

इंजिन आणि टायरचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम बघा, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ च्या जानेवारीत केरळच्या एका केसमध्ये हेच ठामपणे सांगितलंय. इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओची परवानगी, मग काम, उलटं नाही. पण माझा आग्रह आहे की ते पेट्रोल इंजिनच नीट करा. १९४० च्या दशकाच्या शेवटी आपल्याच माझगावात विलिसच्या जीप जोडायला सुरुवात झाली आणि त्यातून पुढे इथला सगळा जीपचा धंदा उभा राहिला, मूळ इंजिन असलेली गाडी आता फार थोड्या घरांत राहिलीय. तुमच्या घरात एक आहे, ती अशी मोडू नका.

पहिलं काम नावाचं. वारसाच्या नावावर आरसी करून घ्या, आजोबांच्या नावावर असताना विम्याचा क्लेम लटकतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्याला फॉर्म २५ आणि गाडी प्रत्यक्ष दाखवणं. हलक्या गाडीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा, म्हणून जायच्या दिवशी परिवहनच्या पोर्टलवर आकडा बघूनच निघा. दिल्लीसारखी दहा वर्षांच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोलवर बंदी मुंबईत लागू झालेली नाही, त्यामुळे त्या बातम्यांनी घाबरून गाडी विकू नका.

काही जणांनी व्हिंटेज नोंदणीचं विचारलंय. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत, चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं हवं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला ती गाडी रस्त्यावर काढता येत नाही. तुम्हाला रविवारी नाणेघाटाकडे जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

प्रश्न: आमच्या कंपाउंडमध्ये दर पावसाळ्यात पाणी भरतं, यंदा जिप्सीच्या चाकांच्या अर्ध्यापर्यंत होतं. स्टार्ट होतेय, चालतेय. काही करायला हवं का? (एक वाचक, कुर्ला पश्चिम)

उत्तर: हवं, आणि याच आठवड्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर शहरातल्या कितीतरी गाड्या पाणी उतरल्यावर धुऊनपुसून चालू झाल्या आणि काही महिन्यांनी डिफरन्शियल आवाज करायला लागले. इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून लोक निश्चिंत होतात, पाणी एक्सलमध्ये जातं. पुढचा मागचा डिफरन्शियल, ट्रान्स्फर केस, गिअरबॉक्स, सगळ्यांचं ऑइल तळाचा नट काढून बघा, रंग दुधाळ दिसला तर काढून टाका, नवं भरा, शंभरेक किलोमीटर चालवून परत एकदा बदला. पुढच्या चाकांचे बेअरिंग काढून केरोसीनने धुवा आणि ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यात दाबत दाबत आतपर्यंत भरा, नुसतं वरून चोपडून उपयोग नाही.

एक्सलवर एक बारीक ब्रीदर (हवा आतबाहेर जायचं भोक) असतो, तो चिखलाने बुजलेला असेल तर गरम एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तो साफ करा आणि त्याला रबरी नळी जोडून इंजिनाच्या उंचीपर्यंत वर न्या. स्वस्तातलं काम आहे, पाणी भरणाऱ्या प्रत्येक वस्तीत करून ठेवावं असं आहे.

प्रश्न: लष्कराच्या लिलावातली जोंगा मिळतेय, घेऊ का? घराखाली उभी करीन आणि सावकाश करीन. (एक वाचक, पवई)

उत्तर: निसानच्या आराखड्यावर जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, फार देखणी आणि दणकट गाडी आहे यात वाद नाही. पण पहिलीच गाडी असेल तर घेऊ नका. पेट्रोलचा खर्च, सुट्या भागांची शोधाशोध, आणि लिलावाच्या कागदांवरून नागरी नोंदणी झालेली नसेल तर ते वेगळंच काम होऊन बसतं. तुम्ही घराखाली म्हणताय म्हणजे रस्त्यावर, आणि रस्त्यावर महिनोन्‌महिने न हललेली गाडी पालिका बेवारस समजून नोटीस चिकटवून उचलून नेते. जिप्सी बघा. हलकी आहे, भाग मिळतात, आणि एकट्याने गिअरबॉक्स उतरवता येण्याइतपत सोपी आहे.

प्रश्न: काका, मी आयटीआयला मोटर मेकॅनिक करतेय, मामाची एमएम ५४० मी आणि भाऊ मिळून करतोय. घरी जे पाने आहेत ते काही नटांना बसतात, काहींना घसरतात. नवा सेट घ्यायचा तर कुठला? आणि पार्ट कुठे मिळतील? मामा म्हणतो सगळे नट सारखेच असतात. (एक वाचक, विक्रोळी)

उत्तर: तुझं बरोबर आहे, सारखे नसतात, आणि हे तुझ्या लक्षात आलं याचा मला मनापासून आनंद झाला. या गाडीत दोन घराणी एकत्र नांदतात. चॅसी, एक्सल, बॉडी हे सगळं विलिसच्या वंशाचं, म्हणजे इंचाचे नट बोल्ट, आणि प्यूजोचं इंजिन फ्रान्सचं, म्हणजे मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर तुझा तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल करून टाकतो. नऊ सोळांश इंचाला चौदाचा जात नाही आणि पंधराचा घसरतो. पाऊण इंचाला एकोणीसचा जवळजवळ बरोबर बसतो, तेवढा एक चालून जातो. तेव्हा मिलिमीटरचे पाने आहेत ते राहू देत, आणि सात सोळांश ते पाऊण इंच एवढे रिंग पाने नि गोट्या (सॉकेट) वेगळ्या घे. बोल्ट बदलतानाही तेच, इंचाच्या भोकात मिलिमीटरचा बोल्ट दोन आटे जातो आणि मग आटेच खाऊन टाकतो.

काही जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, स्टडच्या तोंडावर एल अक्षर कोरलेलं दिसेल. तसं असेल तर सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. पाइप लावून दोघांनी उड्या मारण्याआधी तारेच्या ब्रशने स्टडचं तोंड घासून बघा.

पाने, बेअरिंग, सील, इंचाचे बोल्ट यासाठी मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. बेअरिंग गाडीचं नाव सांगून मागायचं नाही, जुन्या बेअरिंगच्या कडेला कोरलेला नंबर वाचून मागायचं, अर्ध्या किमतीत चांगल्या कंपनीचं मिळतं. गाडीचे खास पार्ट ऑपेरा हाऊसच्या बाजूला, आणि ड्रम, हाउसिंग, ब्रॅकेट असलं जुनं लोखंडी सामान कुर्ल्याला सीएसटी रोडच्या पट्ट्यात. जुना पार्ट धुऊन पिशवीत घालून सोबत न्यायचा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून मोजायचे, फोटो दाखवून आणलेला पार्ट परत घ्यायला दुकानदार कुरकुर करतो. कुर्ल्यातून लोखंड घे, रबर आणि ब्रेकचं काहीही जुनं घेऊ नको.

खोलताना प्रत्येक जागेचे नट वेगळ्या डब्यात, डब्यावर नाव, आणि सुटलेला बोल्ट शक्य असेल तर त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेव. जळकं ऑइल डब्यात साठवून जो गॅरेजवाला ते रिसायकलिंगला देतो त्याच्याकडे पोचव, सोसायटीची निम्मी भांडणं जमिनीवरच्या त्या काळ्या डागावरून होतात, तेव्हा गाडीखाली कायम जुना पत्र्याचा ट्रे ठेव. पैसे थोडेच असतील तर गोट्यांचा मोठा सेट पुढच्या महिन्यावर टाक आणि आधी चांगल्या वजनाच्या चार घोड्या घे, तीन टनी, पिन असलेल्या. कुठली पहिली सिस्टीम काढायची म्हणशील तर ब्रेक, मागच्या डाव्या चाकापासून, आणि उजवं चाक तोवर खोलू नको, म्हणजे स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते विसरलीस तर बघायला समोर असेल.